आधी तक्ता, मग चॅटबॉट

शाळेत कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवावी की नाही, हा वाद आता मागे पडला. सध्या ज्या मताची चलती आहे ते वेगळे आहे आणि वरकरणी फार समंजस आहे. नववी-दहावीच्या मुलांना ही साधने वापरायला शिकवा, प्रश्न नेमका कसा विचारायचा ते शिकवा. यंत्र भाषा कशी हाताळते ते मात्र अभियांत्रिकीवर सोपवा. असे म्हणणाऱ्यांत चांगले शिक्षक आहेत, जागरूक पालक आहेत, खुद्द याच क्षेत्रात नोकरी करणारेही आहेत. तेव्हा त्यांचा पक्ष आधी नीट मांडला पाहिजे.

ते म्हणतात: या प्रणालींच्या मुळाशी असलेले गणित शाळकरी मुलांना पेलणारे नाही. ते वगळून शिकवाल तर हाती व्याख्या उरतील आणि व्याख्यांची घोकंपट्टी म्हणजे ज्ञान नव्हे. दुसरे, हे तंत्र इतक्या झपाट्याने बदलते आहे की दहावीत शिकलेले बारावीत शिळे होईल. तिसरे, मोटार चालवायला इंजिन उघडावे लागत नाही. आणि चौथे, जिथे संगणक कक्षाला कुलूप असते तिथे हे शिकवणार कोण आणि कशावर?

मुद्दे वजनदार आहेत. ते टिकतात का, ते वाचकांनी ठरवावे.

गणिताचा मुद्दा सर्वांत भक्कम मानला जातो, म्हणून तिथेच रेंगाळू. फळ्यावर दोन वाक्ये लिहा. ‘मुंबई महाराष्ट्राची राजधानी आहे.’ ‘नागपूर महाराष्ट्राची उपराजधानी आहे.’ दोन्ही खरी. आता कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द आला, याचा तक्ता मुलांकडून करून घ्या. ‘नागपूर’नंतर ‘महाराष्ट्राची’ एकदा. ‘महाराष्ट्राची’नंतर ‘राजधानी’ एकदा, ‘उपराजधानी’ एकदा. मग ‘नागपूर’पासून निघायचे आणि जिथे दोन वाटा फुटतील तिथे नाणे उडवायचे. छापा पडला की वाक्य तयार: ‘नागपूर महाराष्ट्राची राजधानी आहे.’ व्याकरण निर्दोष, विधान साफ चूक. यंत्राला खोटे काही शिकवले होते का? अक्षरही नाही. चॅटबॉट बेधडक थापा का मारतो, याचे पहिले कारण मुलाने स्वतःच्या हाताने घडवलेले असते. गणित किती लागले? एक नाणे. संभाव्यता तर राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात आहेच.

वर्गातले एखादे चुणचुणीत पोर इथे हात वर करील: एकाच शब्दावर कशाला थांबायचे, मागचे दोन शब्द बघू. बरोबर! ‘नागपूर महाराष्ट्राची’ या जोडीनंतर फक्त ‘उपराजधानी’ येते, चूक नाहीशी. पण आता ‘पुणे महाराष्ट्राची’ अशी सुरुवात करून द्या. तक्ता मुका होतो, कारण ही जोडी त्याने पाहिलेलीच नाही. जितके मागचे बघाल तितकी अचूकता वाढते आणि तितकेच पूर्वी पाहिलेले दाखले आटतात. अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन १९४८ च्या आपल्या निबंधात शब्दांच्या जोड्यांपर्यंत येऊन थांबला. पुढच्या पायरीचे श्रम अफाट होते. आजच्या चॅटबॉटमागची महाकाय गणिती जाळी हा याच पेचावरचा तोडगा आहे. त्यांच्या हिशेबी पुणे, नागपूर, मुंबई हे शब्द एकमेकांच्या जवळ बसतात, म्हणून न पाहिलेल्या वाक्यातही त्यांना पुढे सरकता येते. आणि म्हणूनच ठसक्यात चुकताही येते. हा तोडगा बांधायला उच्च गणित लागते, हे कबूल. पेच समजायला लागत नाही.

एवढ्यावरून आजचे मॉडेल म्हणजे एक मोठा तक्ता, असे कोणी शिकवू लागले तर तेही चूकच. अंदाज बांधण्याच्या तालमीनंतर माणसांच्या पसंती-नापसंतीवरून त्याला वळण लावले जाते. पण हा फरक समजावून सांगायलाही आधी तक्ता ठाऊक हवा.

घोकंपट्टीची भीती मात्र निराधार नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९-२० मध्ये नववीपासून कृत्रिम बुद्धिमत्ता हा वैकल्पिक विषय आणला आणि त्यात दहावीला भाषाप्रक्रियेचे प्रकरण आहे. ‘शब्दांची पिशवी’ची (म्हणजे क्रम सोडून नुसते शब्द मोजण्याच्या रीतीची) व्याख्या लिहा, गुण दोन, असे त्याचे होऊ शकते. पण हा दोष शिकवण्याच्या रीतीचा झाला. त्यासाठी विषयालाच का हद्दपार करायचे?

शिळेपणाचा मुद्दा तर उलटच पडतो. रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह याने १९१३ मध्ये पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’मधली २०,००० अक्षरे हाताने मोजली. स्वरांचे प्रमाण निघाले शेकडा ४३. मात्र स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याची शक्यता शेकडा १३ च्या आसपास आणि व्यंजनानंतर स्वर येण्याची शेकडा ६६. मागचे कळले की पुढच्याचा अंदाज सुधारतो, ही गोष्ट आकड्यांत मांडली गेली. शंभरावर वर्षे झाली, ती शिळी झालेली नाही. शिळे काय होते? अमुक साधनाला प्रश्न विचारण्याच्या दहा युक्त्या. नवी आवृत्ती आली की त्या गेल्या. म्हणजे टिकाऊपणाच्या निकषावर आक्षेपकांचाच अभ्यासक्रम नापास होतो.

मोटारीचा दृष्टान्त ऐकायला छान आहे. पण मोटार चालकाशी बोलत नाही, त्याची समजूत घालत नाही. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबाउम याने एमआयटीत ‘एलायझा’ हा संवादी प्रोग्राम जगापुढे ठेवला. समोरच्याचेच शब्द उलटवून प्रश्न विचारणे, एवढीच त्याची करामत. तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागले आणि हे पाहून त्याचा कर्ताच अस्वस्थ झाला. माणसाला भुरळ घालण्याची ही शक्ती कोणत्या इंजिनात असते? पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती एलायझाहून कितीतरी वाक्चतुर यंत्र द्यायचे आणि आत काय चालते ते विचारू नको म्हणायचे, याला व्यवहारज्ञान म्हणवत नाही.

राहिला ‘शिकवणार कोण’ हा प्रश्न. इथे संगणकाचे शिक्षक शोधत बसण्याची गरजच नाही. भाषाप्रक्रियेच्या प्रास्ताविक धड्यांत सर्रास सांगितले जाते: शब्दांचे प्रत्यय छाटा, मूळ रूपे पिशवीत टाका, मोजा. ही कृती ‘रामाने रावणाला मारले’ आणि ‘रावणाने रामाला मारले’ या वाक्यांवर करून बघा. दोन्ही पिशव्यांत राहते तेच: राम, रावण, मार. रामायण उलटे झाले आणि यंत्राला पत्ता नाही! मराठीत कोणी कोणाला मारले हे शब्दांच्या क्रमावर ठरत नाही. ‘रावणाला रामाने मारले’ म्हटले तरी अर्थ तोच. सगळा भार ‘ने’ आणि ‘ला’वर आणि तेच आपण कचऱ्यात टाकले. हे कोण ओळखील? तृतीया-द्वितीया आणि सामान्यरूप वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या मराठीच्या बाई.

शाळकरी मुलांना भाषेची अशी चिरफाड झेपते का, अशी शंका उरली असेल तर भाषाविज्ञान ऑलिंपियाडकडे बघावे. मॉस्कोत ते १९६५ पासून आहे, आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००३ पासून, आणि २०१६ ची स्पर्धा तर आपल्या म्हैसूरला झाली. न पाहिलेल्या भाषेची चार वाक्ये द्यायची आणि नियम शोधायला सांगायचे, असा तिथला खाक्या. मुले शोधतात.

आता साधनांचा हिशेब. मार्कोव्हची २०,००० अक्षरे चाळीस मुलांच्या वर्गात वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला ५०० येतात. गणिताचा एक तास, मराठीचा एक तास, पाठ्यपुस्तकातला कोणताही धडा, आणि पेन्सिल. संगणक कक्षाची किल्ली शिपायाकडेच राहू द्या.