आधी नदी, मग गळ

नॉर्वेत सालमन पकडायला जायचा बेत मित्राबरोबर आखत होतो. गाईड, परवाना, विमान, सगळी यादी तयार! मग टाना नदीचा इतिहास वाचला आणि यादी उलटी झाली.

नॉर्वे-फिनलंड सीमेवरच्या या नदीत १९२८ साली हेन्रिक हेन्रिक्सेनने गळाने जवळपास ३६ किलोचा अटलांटिक सालमन पकडला. तो आजही विक्रम मानतात. एकोणिसाव्या शतकात इंग्रज उमराव नॉर्वेतल्या नद्या भाड्याने घ्यायचे. सामी लोक तर त्याच्याही कितीतरी आधीपासून इथे मासे धरत आलेत.

पुढे सालमन घटले आणि २०२१ मध्ये टानात ते धरायला बंदी आली. सामींनाही. आपली फार तर सुट्टी हुकते हो, त्यांच्या पोरांचं शिकणंच थांबतं.

म्हणून आता यादीत पहिली ओळ: नदी खुली आहे का?