यादीत नसलेलं मेण

९ जुलै १७७६. न्यूयॉर्कच्या बोलिंग ग्रीनमध्ये जमावाने राजा तिसऱ्या जॉर्जचा अश्वारूढ पुतळा पाडला. पुतळा शिशाचा, वर सोन्याचा मुलामा. त्यातलं बरंचसं शिसं कनेक्टिकटमधल्या लिचफील्डला, ऑलिव्हर वुल्कॉट यांच्या घरी गेलं. तिथे बायका-मुलांनी त्याच्या बंदुकीच्या गोळ्या केल्या.

कोणी किती काडतुसं केली, याची यादी वुल्कॉट यांनी ठेवली. मुलगी लॉरा ८,३७८, मेरी ॲन १०,७९०, मुलगा फ्रेडरिक ९३६. एकूण ४२,०८८.

आता प्रश्न असा, की शिसं साफ कशाने केलं?

वितळलेल्या शिशावर राखाडी साय धरते. तो नुसता कचरा नव्हे, त्यात शिशाचं ऑक्साइड असतं. तशीच काढून टाकली तर धातू वाया जातो. मेण किंवा चरबी घालून ढवळलं, की त्यातला कार्बन ऑक्सिजन ओढून घेतो, शिसं परत रसात उतरतं आणि मळ वर राहतो. मिठाने हे होत नाही. आणि वस्तू ओली असेल तर वाफ होऊन रस अंगावर उडतो. मेणबत्त्या नि चरबी तर त्या काळी घरोघरी असायच्या.

म्हणून मी पहिल्या मसुद्यात बिनधास्त लिहिलं, "मेण वापरलं." मार्गदर्शकांनी त्याखाली रेघ मारली. बरोबरच होतं. यादीत माणसं आणि आकडे आहेत, मेण नाही. आता तिथे "वापरलं असावं" आहे, आणि पुढे कारण. तुमच्या मसुद्यातही अशी क्रियापदं शोधा.