चिटाच्या कुळातला निळा तुकडा

आजीच्या बोलण्यात ‘चीट’ होतं: छापील सुती कापड. ते मला मातीसच्या चित्रात भेटेल असं वाटलं नव्हतं.

आँरी मातीस १८६९चा, उत्तर फ्रान्सचा. विणकरांच्या वंशातला, विणकरांच्याच बोएँ गावी वाढलेला. वकिलाकडची कारकुनी, अपेंडिक्सचं दुखणं, त्यात आईनं दिलेली रंगपेटी आणि त्यातून झालेला चित्रकार, ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. मला रस त्याच्या एका निळ्या-पांढऱ्या कापडात. पॅरिसमध्ये बसमधून जाताना ते त्याच्या नजरेस पडलं म्हणतात. तो त्याला ‘त्वाल द झुई’, म्हणजे झुईचं कापड, म्हणे. जाणकार ते नाव नाकारतात, पण मला ते नावच हवं आहे.

कारण फ्रान्समधल्या झुई गावचा कारखाना मुळात आपल्याकडच्या छापील कापडाची नक्कल करायला निघाला. आपलं कापड धुतलं तरी रंग सोडत नसे. फ्रेंच त्याला ‘अँदियेन’, म्हणजे हिंदुस्थानी, म्हणत. रेशीम आणि लोकरवाल्यांच्या धंद्यासाठी १६८६मध्ये त्यावर बंदी आली, १७५९मध्ये उठली. पुढच्याच वर्षी ओबेरकाम्फ या छपाईवाल्यानं झुईला ठसे मारायला सुरुवात केली.

आता शब्द. इंग्रजी ‘चिंट्झ’ हिंदी ‘छींट’वरून आला, ‘चिंट्स’ हे खरं तर अनेकवचन, तेच पुढे एकवचन झालं. पोर्तुगीज मात्र ‘चिता’ म्हणतात, अनुस्वाराविना. गोव्यात बसलेल्या माणसानं तो शब्द शेजारच्या मराठी ‘चीट’वरून उचलला, असं माझं ठाम मत आहे. डचांचा ‘सिट्स’ही अनुस्वाराविना आहे, आणि त्यांचा या कापडाचा व्यापार मुख्यतः मराठीपासून दूर कोरोमंडल किनाऱ्यावर, ही अडचण मी मान्य करतो आणि पुढे जातो. ‘छींट’चं मूळ काहीजण ‘चित्र’मध्ये शोधतात. मला शिंतोडा जवळचा वाटतो: कापडावर उडालेले रंगाचे थेंब. शिवाय ‘चित्र’ मानलं तर माझी गोष्ट जरा जास्तच जुळून येते, म्हणून मलाच तिचा संशय येतो.

कारण मातीसनं १९०८च्या ‘लाल सुसंवाद’ या चित्रात नेमकं कापडाचंच चित्र केलं. कापडावरची निळी वळणं टेबलावरून थेट भिंतीवर चढवली. टेबल कुठे संपतं, भिंत कुठे सुरू होते, हे एका बारीक रेघेवरून ओळखायचं. खोली खोल दिसावी यासाठी युरोपनं शतकानुशतकं घोटलेली युक्ती त्या कापडाच्या तुकड्यानं मोडली. कापडाला खोली नसतेच. ठसा पुन्हा पुन्हा उमटतो, एवढंच.

शुकिन या रशियन व्यापाऱ्यानं चित्र घेतलं तेव्हा ते निळं होतं. मातीसनं ते पुन्हा रंगवलं आणि मॉस्कोला पोचलं ते लालभडक.