बीजातील तेल आणि एक ग्रीक नाव

शेंगदाण्याचे कूट थोड्याच दिवसांत खवट होते. तोच दाणा फोलासकट राहिला तर पुढल्या पेरणीपर्यंत टिकतो. तेल दोहोंत एकच. उंडी-करंजांच्या तेलावर कोकणात व गोव्यात एके काळी दिवे जळत. परंतु झाडाने ते तेल आपल्या दिव्यांसाठी साठविलेले नसते. अंकुर स्वतःचे अन्न स्वतः करू लागेपर्यंतची ती शिदोरी असते, आणि असंतृप्त मेदाम्लांमुळे हवेतील ऑक्सिजनने नासण्याजोगी असते. ती राखतो कोण, या प्रश्नाचे उत्तर फार आडवाटेने मिळाले.

आरंभ उंदरांपासून झाला. १९२२ साली बर्कली येथे हर्बर्ट इव्हान्स व कॅथरीन बिशप यांना असे दिसले की, शुद्ध केलेल्या आहारावर पोसलेल्या उंदरिणी गाभण राहतात, पण गर्भ पोटातच विरून जातात. लेट्यूसची पाने, पुढे गव्हाच्या अंकुराचे तेल दिल्यावर पिल्ले सुखरूप जन्मू लागली. या अज्ञात द्रव्यास पुढे ई जीवनसत्त्व म्हणू लागले. १९३६ मध्ये इव्हान्स व इमर्सन दांपत्याने ते त्याच तेलातून वेगळे केले, तेव्हा नावासाठी ग्रीकचे प्राध्यापक जॉर्ज कॅल्हून यांना विचारण्यात आले. 'टोकोस' म्हणजे अपत्यजन्म, 'फेरेइन' म्हणजे धारण करणे, त्यावरून टोकोफेरॉल. नाव सुरेख, पण उंदरिणीवरून दिलेले. ज्या बीजातून द्रव्य काढले त्याची आठवण कोणास झाली नाही!

वास्तविक धागा हाताशी होता. टोकोफेरॉल तेलाचा खवटपणा रोखते, हे १९३७ मध्येच ऑलकॉट व इमर्सन यांनी दाखविले. पानांत त्याचा आल्फा प्रकार अधिक, तर बहुतेक बियांत गॅमा, हेही कालांतराने कळले. तरी ते खुद्द बीजाच्या काय कामाचे, याचा निर्णायक पुरावा २००४ साली आला. मिशिगन राज्य विद्यापीठातील स्कॉट सॅटलर, डीन डेलापेना व सहकाऱ्यांनी मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस हे क्षुद्र रानतण अभ्यासले. त्याचे बी इतके बारीक की एका ग्रॅममध्ये सुमारे ५०,००० मावतात. मात्र वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तेल. टोकोफेरॉल मुळीच न बनविणाऱ्या उत्परिवर्तित रोपांचे बी साठवणीत लवकर निर्जीव झाले. जे रुजले त्याच्या कोवळ्या रोपांतील मेद ऑक्सिडीकरणाने नासले व रोपे खुरटली. कॅल्हून यांचे नाव उंदरिणीइतकेच या तणालाही शोभते, असे मला वाटते. कारण खुरटण्याच्या त्या दिवसांतून जी रोपे तगली, ती पुढे नेहमीच्या परिस्थितीत बहुतांशी इतर रोपांसारखीच वाढली.