खाडीपलीकडची रात्र

नरपडच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांपुढे समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे डहाणूची खाडी, उजवीकडे चिखले, घोलवड, बोर्डी. दूर दक्षिणेला सोपारा, दूर उत्तरेला भडोच. १३२१ साली या दोन बंदरांच्या मधल्या वाटेला जॉर्डानुस नावाचा एक फ्रेंच धर्मोपदेशक लागला होता. भडोचला जायचं, तिथल्या ख्रिस्ती लोकांना भेटायचं, असा त्याचा बेत. मागे ठाण्यात त्याचे चार सोबती थांबले होते. ते पुन्हा त्याला जिवंत दिसले नाहीत.

हे चौघे ठाण्यात कसे आले, हे समजायला मंगोलांच्या गवताळ मुलुखापर्यंत मागे जावं लागतं.

सदुसष्ट वर्षं आधी

मे १२५४, काराकोरम. महाखान मोंगकेच्या हुकमावरून ख्रिस्ती, मुसलमान आणि बौद्ध यांची धर्मचर्चा भरली. फ्रान्सच्या राजाचं पत्र घेऊन मंगोलांकडे आलेला रुब्रुकचा विल्यम ख्रिस्ती बाजूने बोलला. खानाची अट एकच होती: समोरच्याला अपमानाचा शब्द बोलाल तर मृत्युदंड. ही अट लक्षात ठेवायला हवी.

त्याच वर्षी आर्मेनियाचा राजा हेथुम स्वतः मोंगकेच्या भेटीला गेला. छोट्या ख्रिस्ती राज्याला मोठ्या शेजाऱ्यांत तगायचं तर मंगोलांचं मांडलिकत्व बरं, हा त्याचा हिशेब होता आणि तो काही काळ खराही ठरला. १२८७ मध्ये इराणच्या मंगोल खानाने राब्बान सौमा या नेस्तोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाच्या, साधूला युरोपात धाडलं. इजिप्तच्या मामलुकांविरुद्ध ख्रिस्ती राजांनी हात मिळवावा म्हणून. राजे गोड बोलले, फौजा आल्या नाहीत. १२९५ मध्ये गाझान खानाने इस्लाम स्वीकारला. पत्रं पुढेही जात-येत राहिली, पण इराणात ख्रिस्ती पाहुण्यांचे दिवस पालटले.

चीनमध्ये मात्र मंगोल खानाच्या राजधानीत फ्रान्सिस्कन साधू काम करत होते. त्यांची पत्रं पोपपर्यंत पोचवणारा तोलेन्तीनोचा थोमस हा ठाण्यातल्या त्या चौघांपैकी एक. आर्मेनियाच्या राजासाठी युरोपात मदत मागायलाही तो गेला होता. आता उतारवयात त्याला स्वतः चीन गाठायचं होतं. सोबत पाडुआचा याकोब, सिएनाचा पीटर आणि जॉर्जियातल्या तिफ्लिसचा दिमित्री, अनेक भाषा जाणणारा.

होर्मुझला ते जहाजावर चढले. जायचं होतं कोल्लमला. जहाज लागलं ठाण्याला. मंगोल खानांचा अंमल मागे राहिला होता. ठाणं दिल्लीच्या सुलतानाचं.

आदली रात्र

ठाण्यात नेस्तोरियन ख्रिस्तींची पंधरा घरं होती. त्यांपैकी एका घरात चौघे उतरले. त्या रात्री यजमान नवरा-बायकोचं भांडण झालं आणि नवऱ्याने तिला मारलं.

गुरुवार, ९ एप्रिल, सकाळ

बाई काझीकडे गेली. पुरावा काय, असं विचारल्यावर तिने घरातल्या परक्या साधूंचं नाव घेतलं. ती न्याय मागत होती, दुसरं काही नाही. पण साक्षीसाठी बोलावलेल्या साधूंशी काझीने धर्माचा विषय काढला आणि बाईची फिर्याद तिथेच विसरली गेली. पीटर सामान राखायला घरी थांबला होता. तिघे हजर होते.

वाद येशूपासून सुरू झाला. मग प्रश्न आला, प्रेषित मुहम्मदांबद्दल तुमचं काय म्हणणं? प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला. शेवटी थोमसने उघड निंदेचं उत्तर दिलं. मोंगकेच्या अटीप्रमाणेही या वाक्याला मृत्युदंडच होता. थोमसचं धैर्य मला नाकारायचं नाही, पण ते वाक्य त्याने उच्चारायला नको होतं असं मला मनापासून वाटतं.

नऊ ते तीन

तिघांना बांधून उन्हात उभं केलं. कोकणातला एप्रिल, तोही भर दुपारी.

तिसऱ्या प्रहरानंतर

मैदानात आग पेटवली. याकोबला दोनदा आगीत ढकललं, दुसऱ्यांदा अंगाला तेल लावून. तो जळला नाही, असं ओदोरिक हा इटालियन साधू लिहितो. ओदोरिक स्वतः तिथे नव्हता, वर्षभरानंतर किंवा अधिक काळाने आला. ही हकिगत साधूंच्याच बाजूने आपल्यापर्यंत आलेली आहे.

संध्याकाळ

मी थांबतो ते इथे. शहराचा अधिकारी, मलिक, त्याने तिघांना सोडलं. नुसतं सोडलं नाही. तुम्ही इथून जा म्हणाला आणि खाडीपलीकडच्या वस्तीत पोचवलं. तिथे एका हिंदूच्या घरी त्यांना आसरा मिळाला. यजमान नेस्तोरियनही सोबत गेला. मुसलमान मलिक, हिंदू घरमालक, पूर्वेकडचा ख्रिस्ती: त्या संध्याकाळी तिघांनीही या परक्यांना जगवायचा प्रयत्न केला. ओदोरिकने हे लिहून ठेवलं याबद्दल त्याचे आभार मानावेत.

रात्र

काझी मलिककडे गेला. हे जिवंत राहिले तर लोक त्यांच्या मागे जातील, असं त्याचं म्हणणं. मलिक डगमगला. त्याने धाडलेली चार हत्यारबंद माणसं खाडी ओलांडून गेली. साधू रात्रीच्या प्रार्थनेला उठले होते. थोमस, याकोब, दिमित्री. तिघांची डोकी उडवली.

शनिवार, ११ एप्रिल

पीटर सापडला होता. छळ करून त्यालाही मारलं.

पुढे दिल्लीच्या बादशहाने मलिकलाच मृत्युदंड दिला, असं ओदोरिक सांगतो.

जॉर्डानुस परतला आणि एका जिनोआच्या तरुणाच्या मदतीने त्याने प्रेतं सोपाऱ्याला नेऊन पुरली. नंतर ओदोरिकने अस्थी उकरून काढल्या, सामानात बांधल्या आणि जहाजाने चीनच्या झैतून बंदरात, आजच्या च्वानचौला, तिथल्या फ्रान्सिस्कनांच्या हवाली केल्या. खानाच्या राज्यात चौघे पोचले ते असे.