१०९८ : फलाटापासून मोबाइलपर्यंत

जून १९९६ मध्ये मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत एक प्रायोगिक उपक्रम सुरू झाला. संस्थेतील प्राध्यापिका जेरू बिलिमोरिया रस्त्यावर, रेल्वेच्या फलाटांवर आणि रात्रनिवाऱ्यांत राहणाऱ्या मुलांमध्ये काम करत होत्या. अडचणीत सापडलेली ही मुले त्यांना अपरात्रीही फोन करत. मुलांच्या हाकेला चोवीस तास ओ देणारी कायमची व्यवस्था असावी, या गरजेतून ‘चाइल्डलाइन’ जन्माला आली. १०९८ हा निःशुल्क क्रमांक मुलांनी ‘दस-नौ-आठ’ म्हणत तोंडपाठ केला.

१९९९ मध्ये चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशनची नोंदणी झाली आणि केंद्र सरकारच्या पाठबळावर ही सेवा शहरोशहरी पोहोचली. पुण्यात तिची धुरा डॉ. अनुराधा सहस्रबुद्धे यांच्या ‘ज्ञानदेवी’ संस्थेने वाहिली. घरातून पळून आलेली, मजुरीत अडकलेली, अत्याचार सोसणारी मुले या क्रमांकावर बोलू लागली. समुपदेशक, समाजकार्याचे विद्यार्थी, पोलीस, डॉक्टर आणि बालकल्याण समितीचे सदस्य अशा अनेकांच्या हातांनी हे काम उभे राहिले.

वाट सोपी नव्हती. बालकांवरील लैंगिक अत्याचारांसाठी स्वतंत्र कायदा नव्हता आणि घराची अब्रू जाईल या भीतीने तक्रारी दडपल्या जात. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६७-ब २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले आणि बालकांची अश्लील चित्रे तयार करणे, पसरवणे, तसेच त्यांना इंटरनेटवरून जाळ्यात ओढणे हे गुन्हे ठरले. १४ नोव्हेंबर २०१२ रोजी बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा अमलात आला. त्याने मुलगा-मुलगी हा भेद मिटवला आणि गुन्ह्याची माहिती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक केले.

पुढच्या दशकात धोक्याने जागा बदलली. स्वस्त डेटामुळे मोबाइल मुलांच्या हाती आला. गेममध्ये किंवा समाजमाध्यमावर समवयस्क असल्याची बतावणी करणारा अनोळखी माणूस ओळख वाढवतो, खासगी गप्पांकडे वळवतो, फोटो मागतो आणि मग तोच फोटो पसरवण्याची धमकी देतो. फोन काढून घेतला जाईल या धास्तीने मूल गप्प बसते. म्हणून ‘चूक तुझी नाही’ हा दिलासा समुपदेशनाचा पाया झाला.

या लढ्यात नवे हात आले. २०१६ मध्ये ‘प्रेरणा’ संस्थेशी जोडलेल्या ‘आरंभ इंडिया’ने ब्रिटनच्या इंटरनेट वॉच फाउंडेशनसह बालकांच्या शोषणाच्या चित्रांची तक्रार करण्याची ऑनलाइन सोय भारतात आणली. २०१८ मध्ये केंद्राचे सायबर गुन्हे पोर्टल सुरू झाले. बालकांविषयीची तक्रार तेथे नाव न सांगताही करता येते. २०१९ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने अमेरिकेतील हरवलेल्या व शोषित मुलांच्या राष्ट्रीय केंद्राशी करार केला. तेव्हापासून ॲप कंपन्यांनी त्या केंद्राला दिलेली अशा चित्रांविषयीची माहिती भारतात येते आणि राज्यांच्या सायबर पोलिसांमार्फत शहरातील ठाण्यापर्यंत पोहोचते.

२०२० च्या टाळेबंदीने कसोटी पाहिली. शाळा मोबाइलवर आली, शिक्षकांची रोजची नजर सुटली आणि पहिल्या २१ दिवसांत १०९८ वर देशभरातून सुमारे ४ लाख ६० हजार फोन आले. अडचणी असूनही सेवा थांबली नाही.

२०२३ मध्ये सर्वांत मोठा बदल झाला. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेअंतर्गत ही हेल्पलाइन राज्य सरकारांकडे सोपवून ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडण्यास सुरुवात झाली. अडीच दशके ती चालवणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना आपले काम दुसऱ्यांच्या हाती द्यावे लागले. अनेक अनुभवी कार्यकर्त्यांसाठी तो कठीण काळ होता. मात्र त्यांनी घालून दिलेली शिस्त टिकली : आधी मुलाचे ऐकायचे, त्याची ओळख जपायची आणि मगच पुढची पावले टाकायची. महाराष्ट्रात हे काम महिला व बाल विकास विभागाकडे आले. या विभागाचे आयुक्तालय पुण्यातच आहे.

२३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की बालकांच्या शोषणाची चित्रे बाळगणे हाही पोक्सोखाली गुन्हा ठरू शकतो. त्यामुळे ‘मी फक्त पाहिले’ ही पळवाट अरुंद झाली.

आज पुण्यातील मुलाला किंवा पालकाला १०९८ वर फोन करता येतो. प्रकरण जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालकल्याण समिती आणि पोलिसांपर्यंत नेले जाते. पालकांनी मात्र दोन गोष्टी पाळायच्या : मुलावर रागवायचे नाही आणि मुलाचे तसे चित्र पुराव्यासाठीही कोणाला पुढे पाठवायचे नाही. फलाटावरच्या मुलांसाठी सुरू झालेली ही सेवा आता घरात बसून एकट्याने भीती सोसणाऱ्या मुलांचीही झाली आहे. तीन दशकांच्या श्रमांची ही कमाई आहे.