अंडाशय काढण्याच्या निर्णयाचा इतिहास

अंडाशय शस्त्रक्रियेने काढण्याच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः डिसेंबर १८०९ पासून मानला जातो. अमेरिकेतील केंटकी राज्यात डॅनव्हिल येथे इफ्रेम मॅकडॉवेल यांनी चाळिशी ओलांडलेल्या जेन टॉड क्रॉफर्ड यांच्या अंडाशयाची सुमारे १० किलोंची गाठ भूल न देता काढली, आणि पाचव्या दिवशी ते पाहायला गेले तेव्हा त्या स्वतःचे अंथरूण आवरत होत्या.

ती शस्त्रक्रिया जीव वाचवण्यासाठी होती. परंतु १८७२ मध्ये अमेरिकेच्याच जॉर्जिया राज्यातील रॉबर्ट बॅटी यांनी पाळीशी जोडलेल्या तक्रारींवर उपाय म्हणून गाठ नसलेले अंडाशय काढले, आणि पुढे ‘उन्माद’ ठरवलेल्या अनेक स्त्रियांवर हाच उपाय झाला, हा वैद्यकाच्या इतिहासातील क्लेशकारक अध्याय होय.

विसाव्या शतकात रजोनिवृत्ती, म्हणजे पाळी कायमची थांबण्याचा काळ, जवळ आली असताना गर्भाशयासोबत निरोगी अंडाशयही कर्करोग टाळण्यासाठी काढण्याची रीत रूढ झाली. मात्र अमेरिकी परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासावरील २००९ च्या निष्कर्षांत, अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका घटला तरी हृदयविकाराचे व एकूण मृत्यूंचे प्रमाण वाढलेले आढळले. उलट, १९९४ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगाच्या आनुवंशिक धोक्याशी जोडलेले बीआरसीए-१ हे जनुक हाती लागल्यानंतर, त्यात घातक दोष असलेल्या स्त्रियांना या शस्त्रक्रियेचा मोठा लाभ होतो हे स्पष्ट झाले. म्हणून केवळ वय पाहून घेतलेला सरसकट निर्णय समर्थनीय नाही. घराण्यातील आजार, जनुकचाचणी आणि पूर्ण माहितीनंतर स्त्रीने स्वतः दिलेला कौल हेच त्याचे खरे आधार आहेत.